हयातीचा दाखला

माझे वडील पेन्शनसाठी दर नोव्हेंबरात बँकेत जाऊन आपण जिवंत असल्याचं सांगून येतात. आता मोबाइलसमोर चेहरा धरूनही हे काम होतं, पण वडिलांचा मोबाइलवर विश्वास नाही आणि अंगठ्याच्या रेषा ऐंशी वर्षांत झिजून गेल्या आहेत. तेव्हा इस्त्रीचा शर्ट घालून, रिक्षा करून, स्वतः जायचं. काउंटरवरची मुलगी त्यांना "आजोबा, बसा" म्हणते, पाणी आणून देते, नातवाची चौकशी करते आणि मग विचारते, "हयातीचा दाखला भरलात का?" मला हसू येतं. वडिलांना येत नाही. "बरोबर आहे तिचं," ते म्हणतात. "समोर बसलेला माणूस कागदावर असेलच असं नाही."

माझं दुखणं नेमकं उलटं आहे. माझ्याकडे कागदावर चिक्कार माणसं आहेत, समोर कोणीच बसलेलं नाही.

मी भोसरी एमआयडीसीतल्या एका कारखान्यात आयटी सांभाळतो. आयटी म्हणजे एक मी, एक ट्रेनी आणि एक एसी, आणि तो एसी आमच्यासाठी नसून सर्व्हरसाठी आहे. गेल्या भाद्रपदात ऑडिटर आले. चहा घेतला, सर्व्हर रूममधला धूळ खाल्लेला अग्निशामक सिलिंडर उचलून तारीख पाहिली, आणि जाता जाता म्हणाले, "नव्वद दिवसांत लॉगिन न केलेल्या यूजर्सची लिस्ट तेवढी मेल करा." 'तेवढी' हा शब्द मराठीत ज्यानं आणला त्यानं आयुष्यात कधी काम केलेलं नसणार.

पगारपत्रकावर आमची माणसं २१४. त्यातली निम्म्याहून जास्त मशीनवर उभी, त्यांना कॉम्प्युटरच लागत नाही. आणि डिरेक्टरीत आयडी किती? ३७१. पाहुणे कमी आणि पानं जास्त मांडली असं पंगतीत झालं तर वाढपी ओरडतो. इथं ओरडणारा मीच, आणि पानं मांडणाराही मीच.

असं का होतं ते सांगतो. माणूस नोकरीला लागतो तेव्हा घरात सून आल्यासारखं असतं. एचआरचा फोटोसकट मेल येतो, खुर्ची येते, लॅपटॉप येतो, पहिल्या दिवशी दहा वाजता "सर, त्यांचा आयडी झाला का?" म्हणून तीन फोन येतात. जातो तेव्हा मात्र शेवटच्या दिवशी चार वाजता समोसे असतात आणि साडेपाचला तो गेटबाहेर असतो. नो ड्यूजच्या कागदावर दहा सह्या लागतात. कॅन्टीन, टूल क्रिब, सिक्युरिटी, एवढंच नव्हे तर लायब्ररीसुद्धा. आमच्याकडे लायब्ररी कधीच नव्हती, पण फॉर्म कुठून तरी आणलेला असल्यामुळे तिची सही मीच करतो. आयटीच्या रकान्यात लॅपटॉप, चार्जर, माउस. माउसच्या बाबतीत मी डोळ्यांत तेल घालून बघतो, दुसराच आणून दिलेला नाही ना. आयडी परत घेतला का, असा रकानाच नाही. माणसाकडून माउस घ्यायचा आणि नाव तसंच ठेवायचं.

बँकेचं तसं नाही. दोन वर्षं खात्यात काही हललं नाही की ते निष्क्रिय म्हणून बाजूला काढतात, दहा वर्षं झाली की पैसे रिझर्व्ह बँकेच्या निधीत पाठवतात. पैशाच्या बाबतीत आपण किती काटेकोर असतो बघा.

तर लिस्ट. आमच्याकडे मायक्रोसॉफ्टची अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरी आहे, जशी बहुतेक ऑफिसांत असते. ही विंडोज २०००बरोबर आली. कारखान्याचा हजेरीपट, चाव्यांचा जुडगा आणि वॉचमन, तिन्ही एकात. सकाळी तुम्ही पासवर्ड टाकता तेव्हा तुमचा कॉम्प्युटर हिला विचारतो, "हे आपलेच ना?" आणि ती "सोडा आत" म्हणते. मग कोण कधी आत आलं हे तिला माहीत असणारच, असं तुम्हाला वाटेल. मलाही नोकरीच्या सुरुवातीला वाटायचं.

गंमत अशी आहे, की वॉचमन एक नसतो. आमच्याकडे दोन सर्व्हर आहेत, एक भोसरीत आणि एक चाकणच्या गोडाऊनला. 'लास्ट लॉगॉन' नावाची जी नोंद असते, ती ज्याची त्याच्यापाशी. एका गावात दोन भावांची घरं असावीत आणि आपल्याकडे कोण जेवून गेलं हे दुसऱ्याला सांगायचं नाही अशी दोघांनी शपथ घेतलेली असावी, तसं. भोसरीचा सर्व्हर म्हणेल, अमुक माणूस आठ महिन्यांत फिरकलेला नाही. चाकणच्याला विचाराल तर, "अहो, कालच येऊन गेला." एकाचंच ऐकून मी पहिल्या वर्षी चाकणच्या तीन जणांचे आयडी बंद केले होते. त्यांनी मला फोनवर जे सांगितलं ते लास्ट लॉगॉनमध्ये नोंदवता येत नाही.

पुढे २००३च्या सर्व्हरमध्ये मायक्रोसॉफ्टनं यावर तोड काढली आणि 'लास्ट लॉगॉन टाइमस्टॅम्प' अशी दुसरी नोंद दिली. ही सगळ्या सर्व्हरना कळते. पण दोघांमधली लाइन उगाच अडू नये म्हणून ती रोज बदलत नाही. आधीची नोंद नऊ ते चौदा दिवसांहून जुनी झाली असेल तरच नवी लिहायची, असा तिचा रिवाज. आणि नऊ की अकरा की चौदा, हे दर खेपेला चिठ्ठी टाकल्यासारखं ठरतं. म्हणजे मुंबईला गेलेल्या मुलाचं पूर्वी पंधरा दिवसांतून एक पोस्टकार्ड यायचं, 'मी इकडे खुशाल', तसं. पत्र आलं नाही म्हणून चौथ्या दिवशी रडायचं नाही. पण नव्वद दिवस पत्र नाही म्हणजे काहीतरी आहे.

पॉवरशेलमध्ये, म्हणजे सर्व्हरला हुकूम सोडायच्या खिडकीत, एक ओळ लिहिली की ही यादी येते. यादीच्या तोंडाशी जी नावं आली, त्यांच्यापुढे तारीख होती १ जानेवारी १६०१, पहाटे साडेपाच.

ट्रेनी घाबरला. "सर, हे कोण?" शिवाजी महाराजांच्या जन्माला त्या दिवशी २९ वर्षं होती आणि अकबर बादशहा असीरगडाला वेढा घालून बसला होता. त्या पहाटे आमच्या परचेस डिपार्टमेंटचा 'टेम्प२' लॉगिन करून गेला, असं डिरेक्टरी शपथेवर सांगत होती. खरी गोष्ट अशी, की विंडोजचं घड्याळ १६०१च्या पहिल्या तारखेपासून सेकंदाच्या एक कोटीव्या भागात वेळ मोजतं, कारण ग्रेगोरियन पंचांगाचं चारशे वर्षांचं चक्र तिथून सुरू होतं. ज्यानं एकदाही लॉगिन केलेलं नाही त्याच्या खात्यात शून्य. शून्य म्हणजे १६०१. आणि ग्रिनिचच्या मध्यरात्री आपल्याकडे साडेपाच वाजलेले असतात. नोकरीची ऑफर घेऊन जॉइन न झालेले, एका दिवसाच्या ट्रेनिंगसाठी केलेले 'ट्रेनी१' ते 'ट्रेनी१४', 'टेस्ट', 'टेस्ट२', 'टेस्टन्यू', 'टेस्टफायनल', 'टेस्टफायनल२'. जन्मालाच न आलेली ही सगळी मंडळी. त्यांना बंद करताना हात कापला नाही.

कॅन्टीनचे मामा चहा घेऊन आले, तेव्हा छापलेल्या यादीवर मी एकेक नाव खोडत होतो. "सर्वपित्री उद्या आहे ना, साहेब," ते म्हणाले. "तुमची आजच?" ज्यांची तिथी माहीत नाही त्यांना सर्वपित्रीला पान वाढतात. मला हे सुचायला हवं होतं, मामांना सुचलं.

त्यानंतरचे तीन दिवस मी जे शिकलो ते मायक्रोसॉफ्टच्या एकाही मॅन्युअलमध्ये नाही, पण मामांना सगळं पाठ होतं. मी नाव वाचायचो, मामा निकाल द्यायचे. "हे? हे तर हिंजवडीला गेले, दिवाळीच्या आधी." "ह्या कोरेगाव पार्कातल्या मॅडम, बिनसाखरेचा. लग्न झालं, दुबई." "हे नका काढू, हे आहेत, फक्त आपल्याकडे चहा घेत नाहीत." एचआरच्या एक्सेलपेक्षा मामांची चहाची वही जास्त खरी होती, कारण एचआरला गेलेल्या माणसाचा पगार थांबवण्यापुरतंच सोयरसुतक असतं. मामांना त्याच्याकडून बावीस रुपये यायचे असतात.

यादीतलं एक नाव अकाउंट्समधल्या मॅडमचं होतं. पाच महिने लॉगिन नाही. मामा त्या दिवशी रजेवर होते, आणि मी नियमानं चालणारा माणूस, बंद केलं. पंधरवड्यानं मॅडम दारात उभ्या. बाळंतपणाची रजा २०१७पासून २६ आठवड्यांची आहे हे मला माहीत होतं. नव्वद दिवसांच्या नियमाला माहीत नव्हतं. "अहो," त्या म्हणाल्या, "बाळंतपणाला गेले होते मी, वर नव्हते गेले!" पेढा मात्र दिला.

गप्प असलेला प्रत्येक जण गेलेला नसतो, हे एकवेळ समजतं. पण गेलेला प्रत्येक जण गप्प असतो असंही नाही. एक साहेब वर्षापूर्वी नोकरी सोडून गेलेले, मामांची खात्री, एचआरचीही. डिरेक्टरी म्हणत होती, मागच्याच आठवड्यात आले होते. मी लॉग धुंडाळले, सीसीटीव्ही पाहायच्या बेतात आलो. मग उलगडलं. मागच्या आठवड्यात फायनान्सनं विचारलं होतं, की या साहेबांना कुठले कुठले फोल्डर दिसायचे ते काढून द्या, आणि मी त्यांच्या नावावर जाऊन हक्क तपासले होते. हक्क तपासताना सर्व्हर त्या माणसाच्या वतीनं आतल्या आत तिकीट मागतो, आणि तेवढ्यानं लॉगॉनची तारीख पुढे सरकू शकते. माणूस आलाच नव्हता. आपल्याकडे कुणी आठवण काढली की उचकी लागते ना, ती ही. उचकी लागली म्हणजे माणूस जिवंत आहे असं मायक्रोसॉफ्टनं धरलं. एका अर्थी बरोबरच आहे म्हणा.

कॉम्प्युटरांचीही खाती असतात, हे बऱ्याच जणांना ठाऊक नसतं. प्रत्येक मशीनचं डिरेक्टरीत नाव असतं, पासवर्ड असतो, आणि तो ते दर तीस दिवसांनी आपणहून बदलतं. न सांगता, कुणावर न चिडता. माणसांना पासवर्ड बदला म्हटलं की 'पुणे@१२३'चं 'पुणे@१२४' होतं आणि तेही मॉनिटरला चिकटवून ठेवतात. तर ज्या मशीननं महिनोन्‌महिने पासवर्ड बदललेला नाही ते बंद पडलेलं, भंगारात गेलेलं किंवा कुणाच्या तरी घरी गेलेलं. शोधताना एक सापडलं, ज्याचा पासवर्ड बरोबर सहा महिन्यांपूर्वीचा होता. भंगार म्हणून खोडणार, तोच स्टोअरचा मुलगा म्हणाला, "साहेब, तो मार्च एंडचा आहे." वर्षातून एकदा, स्टॉक मोजायच्या आठवड्यात, तो माळ्यावरून खाली येतो. मोजणी झाली की परत प्लास्टिकच्या पिशवीत. गणपतीच्या मखरासारखा. त्याला हात लावला नाही. यादीत त्याच्यापुढे लिहिलं, 'मखर'. ऑडिटरनं त्यावर काही विचारलं नाही, याचं मला अजून वाईट वाटतं.

हे सगळं ऐकून धाकटा भाऊ म्हणाला, "असू दे ना नावं पडलेली, खातात काय?" खातात. २०२१मध्ये अमेरिकेत कोलोनियल पाइपलाइन नावाच्या कंपनीत चोर शिरले. टेक्सासहून न्यू जर्सीपर्यंत जाणारी ही इंधनवाहिनी, पूर्व किनाऱ्याचं जवळजवळ निम्मं इंधन तिच्यातून जातं. चोरांनी भिंत फोडली नाही. बाहेरून कंपनीच्या नेटवर्कमध्ये यायचं, वापरात नसलेलं, पण बंदही न केलेलं एक जुनं व्हीपीएन खातं होतं, त्याच्या पासवर्डानं ते सरळ आत आले. मोबाइलवर येणारा दुसरा आकडा विचारायची सोयही त्या खात्याला नव्हती. वाहिनी काही दिवस बंद राहिली, पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या, आणि कंपनीनं सुमारे ४४ लाख डॉलरची खंडणी मोजली. गावी कुलूप लावलेलं घर असतं, दाराला भक्कम कडी असते, आणि किल्ली मात्र कौलाखाली ठेवलेली असते. त्यातली ही किल्ली. भाऊ म्हणाला, "मग पुसून टाक की सगळी."

पुसायची घाई करायची नसते, हे मी केस पांढरे करून शिकलो आहे. आधी आयडी नुसता बंद करायचा. नावाच्या चित्रावर खाली तोंड केलेला एक छोटासा बाण येतो, मान खाली घातल्यासारखा. मग ती नावं एका वेगळ्या फोल्डरात ठेवायची. आमच्याकडे त्याचं नाव 'माळा'. तिथं सहा महिने. कुणी बोंब मारली नाही तर मग पुसायचं. कारण पुसलेला माणूस परत आणणं अवघड आहे. सर्व्हर नावानं ओळखतच नाही; प्रत्येक खात्याला एक लांबलचक आकडा असतो, तो एकदाच मिळतो. पुसून त्याच नावाचा नवा आयडी केलात तर नाव तेच, चेहरा तोच, पण आधीचा एकही फोल्डर उघडत नाही. पुनर्जन्म होतो, पण मागच्या जन्मीचं काहीच आठवत नाही. आणि फोल्डरच्या हक्कांच्या यादीत, जिथं पूर्वी त्याचं नाव असायचं, तिथं नुसता तो आकडा उरतो. रिसायकल बिन नावाची सोय २००८च्या आर२ सर्व्हरपासून आहे, पण ती आपण होऊन चालू करावी लागते. ती चालू नव्हती हे बहुतेकांना ज्या दिवशी कळतं, त्याच दिवशी ती हवी असते.

आता स्टोअरच्या काकांचं सांगतो, कारण ह्या सगळ्यात मला खरं तर त्यांचंच सांगायचं होतं.

काका तीन वर्षांपूर्वी रिटायर झाले. सत्कार झाला, शाल-नारळ झालं, मी स्वतः भाषण केलं. त्यांचं नाव यादीत असायलाच हवं होतं, पण नव्हतं. डिरेक्टरीच्या मते काका अजून येत होते. लॉग उघडला तर अंगावर काटा आला. रोज रात्री २ वाजून १० मिनिटांनी लॉगिन. रविवार नाही, सुट्टी नाही, १५ ऑगस्ट नाही. नाइट शिफ्टच्या वॉचमनला विचारलं, तर तो म्हणाला, "रात्री दोनला? मीपण नसतो नीट." ट्रेनीनं दुसऱ्या दिवसापासून सर्व्हर रूममध्ये एकट्यानं जायचं बंद केलं.

मशीनचा पत्ता बघत बघत मी जुन्या रिपोर्ट सर्व्हरपर्यंत पोहोचलो. तिथं ठरल्या वेळी आपोआप कामं करणाऱ्या टास्क शेड्यूलरमध्ये एक काम होतं, २०१२ साली काकांच्या आयडीवर लावलेलं. रात्री दोनला कच्च्या मालाची शिल्लक काढायची आणि स्टोअरच्या प्रिंटरवर छापून ठेवायची. सकाळी सहाच्या शिफ्टला आल्या आल्या सुपरवायझर तो कागद उचलतो, ही कारखान्याची रीत. कागद कोण काढतं हे कुणी कधी विचारलं नव्हतं. पाण्याची टाकी कोण भरतं हे आपण विचारतो का? आयडीवर 'पासवर्ड कधीही संपत नाही' अशी खूण होती. ती मीच केली असणार, बारा-तेरा वर्षांपूर्वी, काका टेबलापाशी उभे राहिले म्हणून. काकांचं नाव नियमाप्रमाणे तीन वर्षांपूर्वीच बंद केलं असतं, तर दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला कारखाना कागदाची वाट बघत उभा राहिला असता.

काकांना फोन लावला. ते संगमेश्वरला असतात. पाठीमागे कोंबड्यांचा आवाज.

"ते अजून चालतंय?" काका खूष झाले. "पण मार्च एंडला त्यात वर्ष बदलावं लागतं हां. ते केलंत ना?"

मी म्हटलं, मी तर आत्ता पहिल्यांदा बघतोय. मग तीन वर्षं कोण बदलतंय?

"तो स्टोअरचा मुलगा फोन करतो. मी सांगतो तसं करतो तो." मग जरा थांबून, "त्याला बोलू नका काही. मीच त्याला म्हटलं होतं, आयटीवाल्यांना कशाला त्रास."

मी त्या कामासाठी वेगळा सर्व्हिस आयडी काढला, ज्याला आजी-आजोबा नाहीत, रिटायरमेंट नाही आणि वाढदिवस नाही. काम त्याच्या नावावर केलं. रात्री जागून पाहिलं. २ वाजून १० मिनिटांनी प्रिंटर खरखरला, कागद आला. मग काकांचं नाव माळ्यावर ठेवलं. ३७१ची संख्या आता बरीच उतरली आहे. उरलेली बरीचशी नावं माझ्या ओळखीची आहेत.

एकच त्रास उरला आहे आणि तो तुमच्यापैकीच कुणीतरी देत असण्याची शक्यता आहे. आमचा एक माणूस दोन वर्षांपूर्वी हिंजवडीला गेला. त्याचा आयडी बंद आहे, डिरेक्टरीच्या मते तो दोन वर्षं गप्प आहे, कारण फसलेला प्रयत्न ती आल्याची नोंद म्हणून धरत नाही. पण त्याच्या जुन्या फोनात आमचं मेल अजून जोडलेलं आहे, जुन्या पासवर्डासकट. दर पंधरा मिनिटांनी तो फोन आमचं दार वाजवतो, आम्ही नाही म्हणतो, तो परत वाजवतो. बहुधा त्याची मुलगी त्यावर गेम खेळत असेल. तर एक विनंती आहे. नोकरी बदलली असेल, तर घरातल्या जुन्या फोनांच्या सेटिंगमध्ये जा, आधीच्या ऑफिसचं मेलखातं शोधा आणि काढून टाका. दोन मिनिटं लागतात.